ईईजीतले इलेक्ट्रोड आणि चॅनेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईईजी म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून केलेली मेंदूच्या विद्युत हालचालीची नोंद. ती शिकायला लागलेले टेक्निशियन, रिपोर्ट वाचायला बसलेले निवासी डॉक्टर, प्रयोगासाठी पहिल्यांदाच अँप्लिफायर घेणारे विद्यार्थी आणि कधीकधी स्वतः रुग्णही हे प्रश्न विचारतात. बहुतेक गोंधळ एकाच ठिकाणी सुरू होतो, म्हणून त्याच प्रश्नाला आधी हात घालते.

इलेक्ट्रोड आणि चॅनेल म्हणजे एकच ना?

नाही. इलेक्ट्रोड ही वस्तू आहे: डोक्याला चिकटवलेली धातूची छोटी वाटी आणि तिला जोडलेली तार. चॅनेल म्हणजे दोन ठिकाणच्या विद्युतदाबातला फरक, वेळेनुसार काढलेली एक रेघ. एकटा इलेक्ट्रोड कधीच चॅनेल देऊ शकत नाही, कारण विद्युतदाब नेहमी कशाच्या तरी तुलनेतच मोजावा लागतो. डोंगराची उंची सांगताना ती समुद्रसपाटीपासूनची आहे हे आपण गृहीत धरतो, तसंच 'सी३ वर (हे डोक्यावरच्या एका ठरावीक जागेचं नाव) ४० मायक्रोव्होल्ट' असं कोणी म्हटलं की 'कशाच्या तुलनेत?' हे विचारायलाच हवं.

प्रत्येक चॅनेलला अँप्लिफायरचे दोन इनपुट असतात. अँप्लिफायर पहिल्यातून दुसरा वजा करतो आणि उरलेला फरक वाढवून दाखवतो. स्क्रीनवर डावीकडे 'एफपी१–एफ७' असं लिहिलेलं असतं ते हेच वजाबाकीचं गणित आहे. ही सवय एकदा लागली की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

मग २१ इलेक्ट्रोडमधून किती चॅनेल निघतात?

कुठल्याही दोघांची जोडी लावता येते, म्हणजे २१ इलेक्ट्रोडच्या २१० जोड्या होतात. एवढ्या रेघा कोणी वाचत नाही. नेहमीच्या कामात त्यातल्या १६ ते २० निवडलेल्या जोड्या एका पानावर मांडतात.

मशीनवर '३२ चॅनेल' लिहिलंय. म्हणजे डोक्यावर ३२ इलेक्ट्रोड लावता येतील?

बहुधा, पण खरेदीआधी नीट विचारून घ्या. उत्पादक 'चॅनेल' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात अँप्लिफायरचे इनपुट असतात. त्यातले काही इनपुट एका सामायिक रेफरन्सच्या, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या एका इलेक्ट्रोडच्या, तुलनेत मोजतात, ते डोक्यासाठी. काहींना स्वतःचे दोन टोक असतात. ते ईसीजी, डोळ्यांची हालचाल, हनुवटीचा स्नायू किंवा श्वास यांच्यासाठी. '३२' या आकड्यात हे दुसऱ्या प्रकारचे धरलेत का, आणि रेफरन्स व ग्राउंडची (यांच्यातला फरक पुढे सांगते) भोकं वेगळी आहेत का, हे दोन प्रश्न विचारलेत की पुढची निराशा टळते. वाचताना स्क्रीनवर दिसणाऱ्या चॅनेलची संख्या ही आणखी तिसरीच गोष्ट, कारण ती सॉफ्टवेअरमध्ये हवी तशी बदलता येते.

इलेक्ट्रोड नेमकं काय पकडतो? एका पेशीची हालचाल दिसते का?

एका पेशीची नाही. मेंदूच्या बाहेरच्या थरात पिरॅमिडल पेशी एकमेकींना समांतर, पृष्ठभागाशी काटकोनात उभ्या असतात. एका पेशीकडून दुसरीकडे संदेश पोचला की तिथे दहापासून शंभर-एक मिलिसेकंदांपर्यंत टिकणारा विद्युतदाब तयार होतो. लाखो पेशींमध्ये हे एकाच वेळी घडलं की त्यांची बेरीज होते आणि ती कवटीपार येते. त्यासाठी मेंदूच्या पृष्ठभागाचा साधारण ६ ते १० चौरस सेंटिमीटर भाग एका तालात काम करत असावा लागतो. कवटीमुळे हा सिग्नल क्षीण होतो आणि पसरतोही. डोक्याच्या त्वचेवर पोचेपर्यंत तो बहुतेक वेळा १० ते १०० मायक्रोव्होल्ट इतकाच उरतो. छातीवरचा ईसीजी सुमारे एक मिलिव्होल्टचा, म्हणजे याच्या दहापट किंवा त्याहून मोठा असतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. इलेक्ट्रोडच्या बरोबर खाली जे घडतं तेच तो दाखवतो, असं नाही. मेंदूच्या घडीच्या भिंतीत उगम असेल तर विद्युतक्षेत्र तिरकं किंवा आडवं पडतं आणि सर्वांत मोठी लाट थोड्या दूरच्या इलेक्ट्रोडवर दिसू शकते.

इलेक्ट्रोड सोन्याचे चांगले की चांदीचे?

रोजच्या तपासणीसाठी सोन्याचा मुलामा दिलेली वाटी आणि सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराईडची वाटी, दोन्ही चांगल्या. फरक पडतो तो अतिशय संथ लाटा नोंदवताना. धातू आणि जेल यांच्या सीमेवर स्वतःचा एक विद्युतदाब तयार होतो, आणि तो हलला की रेघ वर-खाली वाहत जाते. सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराईडमध्ये तो सर्वांत स्थिर राहतो, म्हणून संथ बदल मोजणाऱ्या संशोधनात त्यालाच पसंती असते.

याच कारणाने एका डोक्यावर वेगवेगळ्या धातूंचे इलेक्ट्रोड मिसळू नयेत. मुलामा खरवडला गेला की खाली दुसरा धातू उघडा पडतो आणि एकाच वाटीत दोन धातूंचं मिश्रण होतं. अशी वाटी सरळ बाजूला काढा. साफ करताना टोकदार वस्तूने सुकलेली पेस्ट खरडण्याचा मोह होतो. तो आवरा, कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशने काढा. तारेचं कनेक्टरकडचं टोक मात्र पाण्याबाहेर ठेवा.

१०-२० पद्धत म्हणजे काय? टेप कशासाठी लागते?

हान्स बर्गर यांनी जर्मनीतल्या येना शहरात १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी नोंदवला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. पुढे जो तो आपल्या पद्धतीने इलेक्ट्रोड लावू लागला आणि एकाचा रिपोर्ट दुसऱ्याशी ताडून पाहता येईना. हर्बर्ट जॅस्पर यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये १०-२० पद्धत मांडली गेली. तिचं मर्म असं, की अंतर सेंटिमीटरमध्ये ठरवायचं नाही, डोक्याच्या मापाच्या टक्क्यांत ठरवायचं. त्यामुळे लहान मुलाच्या आणि मोठ्या माणसाच्या डोक्यावर सी३ त्याच भागावर येतो.

प्रत्यक्ष करून पाहू. नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांच्या मध्ये जो खळगा असतो तो पुढचा बिंदू. डोक्याच्या मागे, मानेच्या वर हाताला लागणारा हाडाचा उंचवटा हा मागचा बिंदू. समजा, डोक्यावरून यांच्यातलं अंतर ३६ सेंटिमीटर भरलं. पहिले १० टक्के म्हणजे ३.६ सेंटिमीटर: तिथे एफपीझेडची खूण. तिथून दर २० टक्क्यांवर, म्हणजे ७.२ सेंटिमीटरवर, पुढची खूण. एफझेड १०.८ वर, सीझेड १८ वर, पीझेड २५.२ वर आणि ओझेड ३२.४ वर. शेवटी परत १० टक्के उरतात. आता एका कानासमोरच्या खळग्यापासून दुसऱ्या कानासमोरच्या खळग्यापर्यंत टेप न्या. रुग्णाला तोंड उघडायला सांगितलं की हा खळगा बोटाला लागतो. टेप सीझेडवरूनच गेली पाहिजे आणि सीझेड दोन्ही बाजूंनी बरोबर मध्यावर आलं पाहिजे. मग डोक्याचा घेर: तो ५६ सेंटिमीटर असेल तर एफपी१ मध्यरेषेपासून २.८ सेंटिमीटरवर आणि एफ७ त्याच्या पुढे ५.६ सेंटिमीटरवर.

नुसत्या नजरेने इलेक्ट्रोड लावणारे अनुभवी हात मी पाहिलेत, आणि तरी माझा आग्रह टेपचाच आहे. डावीकडचा इलेक्ट्रोड एक-दीड सेंटिमीटर सरकला तर दोन बाजूंच्या लाटांची उंची वेगळी दिसते. वाचणाऱ्या डॉक्टरांना मग त्या बाजूच्या मेंदूत बिघाड असल्याचा संशय येऊ शकतो, आणि त्याचा भार रुग्णाला सोसावा लागतो.

नावांमधली अक्षरं आणि आकडे कसे लक्षात ठेवायचे?

विषम आकडे डावीकडे, सम उजवीकडे, झेड मध्यरेषेवर. आकडा जितका मोठा तितका इलेक्ट्रोड मध्यरेषेपासून दूर. एफपी म्हणजे कपाळाचा अगदी पुढचा भाग, एफ कपाळामागचा, टी कानशिलाचा, पी वरचा मागचा, ओ अगदी मागचा, ए कानाचा. सी हे मात्र मेंदूच्या कुठल्याही खंडाचं नाव नाही, ते मधल्या पट्ट्यासाठी आहे.

एका रिपोर्टमध्ये टी३, दुसऱ्यात टी७. वेगळ्या जागा आहेत का?

जागा एकच. अधिक दाट १०-१० पद्धत आली तेव्हा नावांमध्ये सुसंगती आणण्यासाठी टी३ आणि टी४ यांना टी७ आणि टी८, तर टी५ आणि टी६ यांना पी७ आणि पी८ ही नावं मिळाली. आज दोन्ही चालतात. एका विभागात एकच वापरा एवढंच.

रेफरन्स आणि ग्राउंड यात फरक काय? दोन्ही कपाळावरच तर लावतात.

जवळजवळ लावले तरी दोघांची कामं अगदी वेगळी. रेफरन्स वजाबाकीत भाग घेतो. डिजिटल यंत्रात डोक्यावरचा प्रत्येक इलेक्ट्रोड आधी या एका रेफरन्सच्या तुलनेत नोंदला जातो. तो सुटला तर सगळी नोंद बिघडते, आणि ती नंतर दुरुस्त करता येत नाही.

ग्राउंड कुठल्याच चॅनेलच्या नावात दिसत नाही. आजूबाजूच्या वायरिंगमुळे सगळ्या शरीरावर विजेचा गुणगुणाट बसलेला असतो, आणि तो ईईजीच्या कितीतरी पट मोठा असू शकतो. तो दोन्ही इनपुटवर सारखाच येत असल्यामुळे वजाबाकीत कटतो. हे नीट घडण्यासाठी रुग्णाचं शरीर आणि अँप्लिफायर एका पातळीवर असावे लागतात, आणि ग्राउंड त्यासाठी असतो. चांगला अँप्लिफायर असा सामायिक सिग्नल १०० डेसिबलपर्यंत, म्हणजे एक लाखपट, दाबतो.

सुरक्षेचं एक सांगते. हा ग्राउंड म्हणजे भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग नव्हे. तो तिथे कधीही जोडू नका. आणि रुग्णाला दुसरी यंत्रंही लावलेली असतील तर प्रत्येकाचा वेगळा ग्राउंड जोडणं टाळा; दोन ग्राउंडमधून करंट फिरू शकतो.

मॉन्टाज म्हणजे काय, आणि इतके सारे कशाला?

जोड्या कशा लावायच्या आणि कोणत्या क्रमाने मांडायच्या याची ठरलेली मांडणी म्हणजे मॉन्टाज. डिजिटल नोंदीत तो नंतर बदलता येतो. सी३ वजा रेफरन्स आणि पी३ वजा रेफरन्स ही दोन्ही मापं हाती असतील तर एकातून दुसरं वजा केलं की रेफरन्स उडून जातो आणि सी३–पी३ उरतं.

बायपोलर मॉन्टाजमध्ये शेजारशेजारच्या इलेक्ट्रोडची साखळी असते. पुढून मागे जाणाऱ्या प्रचलित मांडणीत प्रत्येक बाजूला दोन साखळ्या, प्रत्येकी चार चॅनेल, मिळून १६. मध्यरेषेवरची दोन धरली तर १८. एका ठिकाणचा बिघाड शोधायला ही उत्तम. पण दोन शेजाऱ्यांवर सारखीच मोठी लाट आली तर ती कटते आणि रेघ सपाट दिसते. 'इथे काहीच नाही' असं म्हणण्याआधी मॉन्टाज बदलून पाहाच. मेंदूमृत्यूच्या शंकेत नोंद करताना इलेक्ट्रोडमध्ये किमान १० सेंटिमीटर अंतर ठेवायला सांगतात ते याचमुळे. जवळच्या जोडीत क्षीण सिग्नल हरवून जाईल.

रेफरन्शियल मॉन्टाजमध्ये सगळ्यांची तुलना एकाशी होते. लाटेची उंची आणि पसारा यात खरा कळतो, पण रेफरन्सच दूषित असेल तर घोळ होतो. कान हा काही निष्क्रिय बिंदू नाही. टी३ जवळ उगम पावणारा स्पाइक, म्हणजे क्षणभराची टोकदार लाट, डाव्या कानावरही पोचतो, आणि मग ए१ शी तुलना केलेल्या दूरच्या चॅनेल्समध्ये उलट दिशेची लाट उमटते. झोपेच्या नोंदीत सीझेडला रेफरन्स धरलं तर तिथल्याच झोपेच्या लाटा सगळीकडे पसरतात. सगळ्या इलेक्ट्रोडची सरासरी रेफरन्स म्हणून घेता येते, तीही एखादा इलेक्ट्रोड खूप गोंगाट करत असेल तर बिघडते. निर्दोष रेफरन्स असा नाहीच, म्हणून तर दोन-तीन मॉन्टाज बघायचे.

'फेज रिव्हर्सल' दिसला म्हणजे आजार आहे का?

फेज रिव्हर्सल म्हणजे शेजारच्या दोन चॅनेल्समध्ये लाटेची दिशा उलटणं. तो जागा सांगतो, आजार सांगत नाही. तो कसा तयार होतो ते आकड्यांतून पाहा. समजा, एका क्षणी एफपी१ वर शून्य, एफ७ वर उणे २०, टी३ वर उणे १००, टी५ वर उणे ३० आणि ओ१ वर शून्य मायक्रोव्होल्ट आहे. आता वजाबाक्या: एफपी१–एफ७ अधिक २०, एफ७–टी३ अधिक ८०, टी३–टी५ उणे ७०, टी५–ओ१ उणे ३०. क्लिनिकल ईईजीत पहिला इनपुट दुसऱ्यापेक्षा जास्त ऋण असेल तर रेघ वर जाते. म्हणून वरची दोन चॅनेल्स खाली झुकतात, खालची दोन वर उसळतात, आणि एफ७–टी३ व टी३–टी५ यांची टोकं एकमेकांकडे वळतात. दोघांत सामायिक कोण? टी३. तिथेच ऋण दाब सर्वाधिक आहे. निरोगी माणसाच्या झोपेत सीझेडवर असाच रिव्हर्सल दिसतो.

कागदावर हे उदाहरण स्वतः दोन-तीनदा सोडवा. ईईजी वाचायला शिकण्याचा याहून चांगला रस्ता मला माहीत नाही.

इम्पिडन्स किती असावा?

इम्पिडन्स म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये विजेला होणारा अडथळा. पूर्वी तो ५ किलोओहमच्या आत हवा असा दंडक होता. आजच्या अँप्लिफायरचा स्वतःचा इनपुट इम्पिडन्स खूप मोठा असल्यामुळे १० किलोओहमपर्यंत चालतो. आकड्यापेक्षा समतोल महत्त्वाचा. एक इलेक्ट्रोड २ वर आणि शेजारचा ३० वर असेल तर बाहेरचा गुणगुणाट दोघांवर सारखा पोचत नाही, वजाबाकीत कटत नाही, आणि चॅनेलभर ५० किंवा ६० हर्ट्झची जाड पट्टी उमटते. अशा वेळी नॉच फिल्टर (तेवढीच फ्रिक्वेन्सी गाळणारा) लावून पट्टी झाकण्याआधी इलेक्ट्रोड परत लावा. त्वचा सौम्यपणे घासा, रक्त येईपर्यंत नाही.

इम्पिडन्स अगदीच कमी, १०० ओहमच्याही खाली दिसला तर खूश होऊ नका. दोन इलेक्ट्रोडमधलं जेल पसरून एकमेकांना भिडलेलं असू शकतं. मग ते दोघे मिळून एकच इलेक्ट्रोड होतात आणि त्यांच्यामधलं चॅनेल जवळपास सपाट पडतं. टोपी वापरताना, घाम आल्यावर हे हमखास होतं.

रेघ बिघडली. चूक कुठे शोधायची?

आधी बिघडलेल्या चॅनेल्सची नावं वाचा. बायपोलर साखळीत दोन लागोपाठच्या चॅनेल्समध्ये एकमेकांची आरशातली प्रतिमा दिसली आणि आजूबाजूला काहीच नसलं, तर दोघांत सामायिक असलेला इलेक्ट्रोड सैल आहे. अचानक उभी उडी आणि मग हळूहळू खाली येणं, हे सैल किंवा सुकलेल्या इलेक्ट्रोडचं लक्षण. खरा स्पाइक सहसा शेजाऱ्यांवरही थोडा उमटतो. सैल इलेक्ट्रोडची उडी एकट्यावरच असते.

रेफरन्शियल मॉन्टाजमध्ये सगळी चॅनेल्स एकसारखी नाचत असतील तर रेफरन्स तपासा, सगळीकडे विजेचा गुणगुणाट असेल तर ग्राउंड. एफपी१ आणि एफपी२ वर दोन्हीकडे सारखी मोठी लाट खाली गेली तर ती बहुतेक पापणीची उघडझाप. डोळ्याचा पुढचा भाग धन असतो, आणि पापणी मिटताना बुबुळ वर सरकतं.

तरी उलगडत नसेल तर हेडबॉक्सकडे, म्हणजे इलेक्ट्रोडच्या तारा खोचायच्या पेटीकडे, जा. वाटी जागेवर असूनही तिची तार भलत्याच भोकात खोचलेली असते. ही चूक सर्वांत धोकादायक, कारण रेघा स्वच्छ दिसतात आणि जागा मात्र चुकीची असते. नोंद सुरू करण्याआधी इलेक्ट्रोडवर एकेक करून हलकी टिचकी मारा आणि स्क्रीनवर बरोबर त्याच नावाची चॅनेल्स हलतात का ते पाहा.

किती चॅनेल पुरेत?

प्रश्नावर अवलंबून. नेहमीच्या तपासणीला १९ इलेक्ट्रोड आणि दोन कान, वाचायला किमान १६ चॅनेल. कानशिलाच्या खालच्या भागातला बिघाड यात सुटू शकतो, म्हणून २०१७ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत तिथे प्रत्येक बाजूला तीन जास्त इलेक्ट्रोड देऊन, कान न धरता, एकूण २५ सुचवले आहेत. माझ्या मते जास्त चॅनेलसाठी पैसे असतील तर आधी हे सहा घ्या. अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी उगम शोधायला ६४, १२८ किंवा २५६ लावतात. उलट नवजात अतिदक्षता विभागात सी३–पी३ आणि सी४–पी४ या दोनच चॅनेलवर तासन्‌तास लक्ष ठेवलं जातं. तिथे झटका (फिट) आला का हे कळतं, पण त्या दोन जागांपासून दूर राहिलेला झटका निसटू शकतो.

ईईजीत ईसीजीचं चॅनेल कशाला?

हृदयाचा ठोका डोक्यावरच्या रेघांत टोकदार लाट बनून उतरतो, विशेषतः कान रेफरन्स असताना. शेजारी ईसीजी असला की ही लाट ठोक्याशी जुळते का ते लगेच कळतं. हे चॅनेल गाळू नका.

सॅम्पलिंग रेट चॅनेलशी कसा जोडलेला आहे?

प्रत्येक चॅनेलची रेघ दर सेकंदाला ठरावीक ठिपके घेऊन बनते. २५६ हा नेहमीचा आकडा. ज्या कमाल फ्रिक्वेन्सीपर्यंत पाहायचं तिच्या दुप्पटीहून जास्त ठिपके हवेतच, व्यवहारात किमान तिप्पट घेतात. कमी घेतले तर खोटी लाट तयार होते: २०० ठिपक्यांवर १८० हर्ट्झचा स्नायूंचा सिग्नल न गाळता आत आला तर तो २० हर्ट्झचा होऊन दिसेल, आणि तो मेंदूच्या बीटा लाटेसारखा भासेल.

कोरडे इलेक्ट्रोड आणि हेडबँड विश्वासार्ह आहेत का?

जेल लागत नाही, लावायला वेळ लागत नाही हे खरं. पण त्यांचा इम्पिडन्स जास्त असतो आणि डोकं हललं की रेघ बिघडते. कपाळावरच्या चार इलेक्ट्रोडमधून डोक्याच्या मागच्या भागाबद्दल फार काही सांगता येत नाही, आणि तिथे कपाळाच्या स्नायूंचा आणि पापण्यांचा गोंगाटही सर्वाधिक. सरावासाठी, शिकण्यासाठी जरूर वापरा. निदानासाठी नाही.

मी रुग्ण आहे. इतक्या तारांतून शॉक तर बसणार नाही ना?

नाही. इलेक्ट्रोड फक्त मोजतात. इम्पिडन्स तपासताना यंत्र क्षणभर अतिसूक्ष्म करंट सोडतं, तो जाणवतही नाही. त्वचा घासताना किंचित खरखर वाटेल. आदल्या दिवशी केस धुवा, तेल किंवा कंडिशनर लावू नका, कारण त्याचा थर राहिला की इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत. चालू असलेली औषधं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. पेस्ट साध्या शाम्पूने निघते. दीर्घकाळाच्या नोंदीसाठी कोलोडियन (गोंदासारखा चिकट पदार्थ) लावलं असेल तर ते टेक्निशियनच द्रावण वापरून काढून देतील.